चौथा स्टड

त्या हिवाळ्यात आम्ही घरातली सगळी बापूंच्या उजव्या हाताकडे चोरून बघायचो. बापू म्हणजे माझे वडील, धनसिंग मिस्त्री. दिवाळीनंतर एका सकाळी अंघोळीला बसले असताना त्यांच्या हातातून तांब्या गळून पडला, तोंडाची एक बाजू खाली उतरली आणि त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पंधरा-वीस दिवसांनी ते आपल्या पायांनी चालत घरी आले. तोंड सरळ झालं होतं, बोलणं जाग्यावर होतं, दवाखान्यातून दिलेली काठी त्यांनी पहिल्याच दिवशी सरपणात टाकली. राहता राहिला हात. भाकर मोडता यायची, पण सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कुणी बघितलं तर त्यांचा पारा चढायचा. माझी याडी (आमच्यात आईला याडी म्हणतात) फार बोलणारी बाई नव्हती. तिनं त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची काजं एकेक करून उसवली आणि थोडी मोठी करून पुन्हा शिवली. बापूंना ते कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. विषय कुणी काढला नाही.

नेर गावाबाहेर यवतमाळच्या रस्त्याला आमचं टिनाचं गॅरेज आणि त्याच्याच मागच्या अंगाला घर. मधे एक पातळ भिंत, त्यामुळे याडीच्या भाकरीची थापथाप गॅरेजात ऐकू यायची आणि आमचा हातोडा तिच्या चुलीपाशी. शेजारी जिनिंग होतं. हंगामात त्याची घरघर दिवसभर चालायची आणि कापसाचे तंतू उडत येऊन इंजिनाच्या ग्रीसला चिकटायचे, कधी ताटातल्या तुरीच्या दाण्यांच्या भाजीवरही बसायचे. ते फुंकून आम्ही जेवायचो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दहावीच्या गणितानं मला दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा मी त्याच्या वाटेला गेले नाही आणि हातात पाना घेतला. पोरीची जात आणि नखांत काळं तेल, यावरून तांड्यातल्या बायका याडीला टोमणे मारायच्या. मी त्यांना तिथल्या तिथं उत्तर द्यायची. तोंडाळ म्हणून माझी चार गावांत ख्याती होती. फक्त बापूंपुढे माझ्या तोंडाला कुलूप असायचं. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमच्या तांड्याची भाषा, बोलायचो. ती सगळ्यांना कळणार नाही म्हणून इथं मी बापूंचं बोलणं त्यांच्या वऱ्हाडीत उतरवते आहे. गिऱ्हाइकांशी ते तसंच बोलायचे.

त्या कुलपामागे एक रीत होती. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. गोणी चढवली की दोर चार जणांनी मिळून आवळायचा, पण शेवटची गाठ घरातल्या मोठ्या माणसानं मारायची. एकदा त्यानं ती मारली की दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, पक्की बसली का असं विचारायचंही नाही. विचारणं म्हणजे तुझ्या बळावर आमचा भरवसा नाही, असं तोंडावर सांगणं. बैल गेले, गोण्या गेल्या, तांड्यानं वावरं धरली, बापू मिस्त्री झाले. पण ही रीत ते गॅरेजात घेऊन आले. इंजिनावर हेड बसतं, म्हणजे एक जड झाकणच. खालच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, पोलादी खुंट्या रोवलेल्या असतात, त्यांना स्टड म्हणायचं. त्यांच्यावरून हेड खाली उतरवायचं, मधे फट बुजवणारं पातळ गॅस्केट ठेवायचं आणि वरून नट आवळायचे, मधल्यापासून सुरुवात करून बाहेर बाहेर. कमी आवळलं तर फटीतून पाणी फुटतं. जास्त आवळलं तर स्टड तुटतो. किती आवळलं ते काट्यावर दाखवणारा पाना मोठ्या शहरांत असतो असं आम्ही ऐकून होतो. बापू त्याला हसायचे. पहिले दोन फेरे मी आवळायची, शेवटचा हात बापूंचा. त्यानंतर त्या हेडला कुणी पाना लावला, असं त्या गॅरेजात कधी घडलं नव्हतं.

बापू आजारी असताना बस स्टँडजवळ एक नवं गॅरेज उघडलं. चहाच्या टपरीवर लोक बोलू लागले की धनसिंगचा हात गेला. दोन महिने आमच्या दारात पंक्चरच्या सायकलींशिवाय काही आलं नाही. अशात एक दिवस मालतीबाई त्यांची जुनी काळी गाडी घेऊन आल्या. मालतीबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स, साऱ्या तालुक्यात बाळंतपणं करणाऱ्या. गाडी त्यांच्या वडिलांची, गोल पाठीची, तेव्हाच इतकी म्हातारी की तिचे भाग कुठल्याच दुकानात मिळत नव्हते. ब्लॉक बिघडला तर गाडी भंगारात, हे त्यांनाही माहीत होतं.

"धनसिंगभाऊ, नुसती पाणी पिऊन राह्यली ही," त्या म्हणाल्या. "स्टँडवरचा पोरगा मागे लागला होता, पण त्याच्या हातात नाई द्यायची मले. तुमाले जमते का, सरळ सांगा."

"काहून नाई जमत? काय झालं माह्या हाताले?" बापू म्हणाले. हाताचा विषय बाईंनी काढला नव्हता, तरी बापूंच्या तोंडून तो शब्द आलाच. मला तेव्हा कळून चुकलं की ही गाडी नीट निघाली तर गॅरेज वाचेल आणि नाही निघाली तर बापू घरात खाटेवर बसतील.

हेड उतरवलं, घासलं, नवं गॅस्केट टाकलं, बसवलं. इंजिन तापवून, थंड करून दुसऱ्या दिवशी सकाळी बापू शेवटचा हात मारायला उभे राहिले. मी फडकं घेऊन शेजारी. पहिला नट, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला पाना जिथं थांबायचा तिथं ठाम थांबत होता. चौथ्याला त्यांचा हात अर्ध्यातच थबकला. त्यांनी पाना काढला, नटावर अंगठा ठेवून क्षणभर उभे राहिले आणि पाचव्याकडे गेले. शेवटपर्यंत सगळे झाले, चौथ्याकडे ते परत आले नाहीत. मला दिसलं ते एवढंच की बापूंना खेच पुरली नाही. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. "बापू, चौथा राह्यला का?" एवढे चार शब्द होते. पण ते विचारणं आमच्या घरात बसत नव्हतं, आणि त्या हिवाळ्यात तर ते पाप वाटलं असतं.

बापू सायकल काढून गावात गेले. याडी मागे शेण सारवत होती. मी पाना घेतला, त्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला म्हणजे जोर वाढेल, आणि आमच्या सात पिढ्यांनी केलं नसेल ते केलं. आधी पहिल्या तीन नटांना लावून बघितला. एकही जागचा हलला नाही. बापूंच्या हाताचा तो पुरावाच होता, पण मी तो वाचला नाही. चौथ्याला लावला आणि नट फिरला. बघ, सैलच होता, मी मनाशी म्हटलं. आणखी खेचला, आणखी फिरला, अगदी सहज. मला बरं वाटत होतं, की कुणाला न दुखवता मी काम निभावते आहे. आणि मग काही अडवणारंच राहिलं नाही. आवाज फार झाला नाही, वाळकी तुराटी मोडावी एवढाच. पाना माझ्या हातात मोकळा फिरला.

मी नट धरून वर ओढला तर त्याच्यासकट स्टड वर आला, खालून तुटलेला. खालचा तुकडा ब्लॉकमध्ये रुतून बसला होता. तुटलेल्या तोंडाची अर्धी बाजू चकचकीत होती आणि अर्धी काळी, गंजलेली. काळी का, याचा विचार करायला मला वेळ मिळाला नाही. फाटकात सायकल वाजली. मी स्टड होता तसा भोकात दाबून बसवला, वरून फडकं फिरवलं, पाइप पत्र्याच्या मागे टाकला. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलंही होतं, देवाशपथ. पण बापू हसत आत आले. त्यांच्या हातात कागदात बांधलेली भजी होती. "खाय, गरम हाये. टपरीवर सांगून आलो साऱ्यांले, चार वाजता या म्हणलं, बाईची गाडी पाहाले." दवाखान्यातून आल्यापासून ते असे हसले नव्हते. मी भजी खाल्ली.

चार वाजता मालतीबाई आल्या, टपरीवरचे पाच-सहा जण आले. बापूंनी स्वतः गाडी सुरू केली. इंजिन छान लागलं, एकसारखं. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, आणि मी मनातल्या मनात आमच्या तांड्याच्या सेवालाल महाराजांना विनवत होते की एवढ्या वेळेला निभावून ने. इंजिन तापलं तसा आधी बारीक फुसफुस आवाज आला. मग हेडच्या काठावरून वाफ निघाली, मग पाणी. बापूंनी इंजिन बंद केलं. ते वाकले, आवाज जिथून आला तिथं हात नेला आणि चौथा नट बोटांत धरला. तो स्टडसकट वर आला.

बापूंनी तो तुकडा उलटा करून बघितला. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस त्याच हाताकडे बघत होता.

"बाई, माह्याच हातानं तुटला हा," ते म्हणाले. "मले अंदाज आला नाई."

मी दोन हात अंतरावर उभी होते. माझ्या हातात तेच फडकं होतं. मी बोलले नाही. या वयात मला माझ्या बऱ्याच गोष्टींची लाज वाटेनाशी झाली आहे, त्या क्षणाची मात्र वाटते. गावभर ज्या पोरीच्या जिभेला हाड नव्हतं, तिला "मी तोडला" हे दोन शब्द काढता आले नाहीत.

मालतीबाई भल्या होत्या. "होते भाऊ, लोखंडच ते," त्या म्हणाल्या. "चार दिवस मी एसटीनं फिरीन. पण ब्लॉकले काही झालं तर मले गोड बोलू नका, खरं सांगा." लोक पांगले. टपरीवर त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी हेड पुन्हा उतरवलं. तुटका तुकडा ब्लॉकच्या पातळीच्या खाली होता, पकडीला धरायला काहीच नाही. एकच वाट होती: त्याला बरोबर मधोमध भोक पाडायचं आणि आतून धरून उलटा फिरवायचा. पण तुकड्याचं तोंड तिरपं होतं, ड्रिल घसरणार. आणि एका बाजूला बोटाच्या पेराएवढ्या लोखंडापलीकडे पाण्याची वाट. ड्रिल तिकडे गेलं की ब्लॉक संपला. बापूंनी विजेचं ड्रिल बाजूला सारलं, हातानं फिरवायचं जुनं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तू पाड."

"तुमी पाडा बापू. मले नाई जमत."

"माह्या हाताचा भरवसा राह्यला नाई आता," ते म्हणाले. साधं, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले. मला वाटलं की जमीन फाटावी. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या घडीला सांगितलं असतं तर ड्रिल धरायला माझे हात उरले नसते, आणि त्यांनी धरलं नसतं. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं आहे.

बापूंनी पितळेची एक नळी घासून घासून अशी केली की ती हेडच्या भोकात घट्ट बसावी. मग हेड नुसतं वर ठेवलं, चार नट हातानं लावले आणि चौथ्या भोकात ती नळी घातली, म्हणजे ड्रिलला इकडेतिकडे जायला जागा नको. टिनाखाली उजेड कमी होता. याडी कधी गॅरेजात पाय ठेवायची नाही. त्या दिवशी ती बापूंचा दाढीचा आरसा घेऊन आली आणि दारात बसून तिनं उन्हाचा कवडसा नेमका त्या भोकावर धरला. तिचा हात दुखून आला तरी तो हलला नाही. मी फिरवू लागले. बापू उकिडवे बसले आणि उजव्या हाताचा तळवा त्यांनी ब्लॉकच्या अंगावर ठेवला.

"हळू. दाबू नको, त्याले खाऊ दे आपल्या मनानं."

जिनिंग सुरू होतं, पण मला फक्त ड्रिलची किरकिर ऐकू येत होती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"थांब! पाण्याच्या अंगाले जाऊन राह्यलं ते."

मी ड्रिल काढलं. मला काहीच जाणवलं नव्हतं. नळी खरोखरच एका अंगाला झिजली होती. बापूंनी दुसरी नळी घासली, आम्ही पुन्हा सुरू केलं. अजून दोनदा त्यांनी मला असं थांबवलं, दोन्ही वेळा बरोबर. आंधळ्या ब्लॉकच्या आत काय चाललं आहे ते तो हात बाहेरून ओळखत होता. मी ते डोळ्यांनी बघत होते. तो हात गेला आहे असं त्या घरात आता सगळे मानत होते, आणि गेला नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

भोक मधोमध उतरलं. हेड काढलं, चौकोनी पोलाद त्यात ठोकलं, पण तुकडा हलेना. गंजानं धरला होता. बापू म्हणाले, तापवून मेण पाजायला पाहिजे. याडीच्या कशिद्याच्या पेटीत दोऱ्याला चोळायचा मधमाश्यांच्या मेणाचा गोळा होता, तो तिनं न मागता आणून दिला. तुकडा तापवला, मेण लावलं, ते आट्यांत शोषलं गेलं. मी पाना लावून उलटा जोर दिला. एक करकर झाली आणि माझा जीव गेला, ते पोलादही आत तुटलं वाटलं. मग तो केसभर सरकला. मग पाव फेरा. मग अख्खा बाहेर आला. मी तिथंच बसून हमसून रडले. याडीला वाटलं, पोरगी आनंदानं रडते आहे. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

यवतमाळच्या खरादवाल्यानं लेथवर नवा स्टड करून दिला. मालतीबाई गाडी न्यायला आल्या तेव्हा टपरीवरचे लोकही परत आले. मी दोन फेरे आवळले आणि मागे सरले. बापूंनी पाना घेतला, हेडजवळ गेले, आणि सगळ्यांसमोर तो माझ्याकडे वळवला.

"आतापासून शेवटचा हात हिचा," ते म्हणाले.

मी तो घेतला. गाडी नीट निघाली आणि पुढे पुष्कळ वर्षं चालली. धनसिंगची पोरगी तुटका स्टड काढते, ब्लॉकला ओरखडा न येऊ देता, ही गोष्ट उमरखेडपर्यंत पोचली. गॅरेज वाचलं. बापूंनी पुन्हा कधी हेडला पाना लावला नाही. स्टुलावर बसून ते मला सांगत राहायचे आणि उजवा हात मांडीखाली किंवा खिशात ठेवायचे.

शंभरेक हेड आवळून झाल्यावर मला एक गोष्ट कळली. स्टड तुटायच्या आधी मऊ पडतो. नट फिरतो, पण तो नट बसत नसतो, पोलाद ताणलं जात असतं. ती मऊ खेच फार थोड्या हातांना ओळखू येते. त्या सकाळी बापूंच्या हाताला ती आली होती. स्टड आतून अर्धा चिरलेला होता, म्हणून तर त्याची अर्धी बाजू काळी होती. त्यांना खेच पुरली नाही असं नव्हतं. तो हात मुद्दाम थांबला होता, तेवढ्या आवळीवर स्टड टिकेल या अंदाजानं. आता माझ्या गॅरेजात काट्याचा पाना आहे, तरी तो बारकावा मला काट्यावर दिसत नाही.

मी सांगितलं, पण फार उशिरा. याडी जाऊन दोन वर्षं झाली होती. बापू अंगणात खाटेवर गोधडी पांघरून उन्हाला बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बापू, बाईच्या गाडीचा चौथा स्टड मी तोडलता. तुमी नाई."

मी सगळं सांगितलं. पाइप घातला ते, पहिले तीन हलले नाहीत ते, तुटल्यावर परत भोकात बसवला ते, भजी खाल्ली ते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ते हसले.

"किती जुळवून सांगतं वं छोरी," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हून कायले आपल्या अंगावर घेतं? मी कवाचं सोडून देलं ते."

"बापू, याडीची शपथ. खरं सांगून राह्यली मी."

"हाव, हाव. मोठ्या मनाची हायेस तू," ते म्हणाले, आणि गोधडीतून डावा हात बाहेर काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.